खाली ठेवलेला फिंजान

तिस्वाहनने कॉफीचा फिंजान ओठांपर्यंत नेला, थांबली, आणि न पिताच समोरच्या चटईवर ठेवला. आवाज झाला नाही, पण सय्यद शुब्बरच्या बैठकीत बसलेल्या एकूण एक माणसाने ते पाहिलं.

कॉफी वाढणारा म्हातारा दाखिल चोचीची पितळी किटली डाव्या हातात धरून तसाच उभा राहिला. बाईमाणसाला या बैठकीत कॉफी द्यायची की नाही, इथूनच त्याचा घोळ सुरू झाला होता. बायकांची गाऱ्हाणी मागच्या दाराने येत आणि सय्यदची बहीण ती ऐकून घेई. ही मात्र पुढच्या दाराने आली, काळा पायघोळ अबाया सावरत टोळ्यांच्या शेखांच्या रांगेत भिंतीला पाठ लावून बसली. तिला उठवायची कुणाची छाती झाली नाही. नवरा जुन्या सरकारने फासावर चढवलेला. थोरला मुलगा उठावाच्या वर्षी घरातून नेलेला आणि सरकार पडल्यावर शहराबाहेरच्या खड्ड्यात, शेकडो हाडांमध्ये, चपलेवरून ओळखलेला. अशा बाईला मागच्या दाराने ये म्हणणारा आमच्या शहरात अजून जन्मायचा होता.

फिंजान खाली ठेवला म्हणजे पाहुण्याचं काही मागणं आहे. यजमान "पी, तुझं काम झालं" असं म्हणेपर्यंत पाहुणा घोट घेत नाही. आणि एकदा तसं म्हटलं की यजमानाने घर विकावं, पण शब्द फिरवू नये. सय्यदच्या वडिलांच्या काळापासून या बैठकीतून कुणाचा फिंजान भरलेला परत गेला नव्हता, आणि हे आम्ही बाहेरगावच्या लोकांना न विचारता सांगत असू.

"यम्मा, तुम्ही कशाला आलात?" सय्यद शुब्बर गादीवरून पुढे सरकून, तिला आईच्या नात्याने हाक मारत म्हणाला. "निरोप धाडायचा. मी आलो असतो."

"मी माझ्या घरात बसून मागणारी कशी होईन, सय्यदना? मागायचं तर दुसऱ्याच्या दारी यावं लागतं."

शेख मंडळी हसली. सय्यदही हसला. पस्तिशीच्या आतला माणूस, डोक्यावर काळी पगडी आणि दाढीत एकही पांढरा केस नाही. पण शहर चालायचं त्याच्या शब्दावर. परक्या फौजेने आणून बसवलेला गव्हर्नर सकाळी कचेरीत सही करी आणि ती सही चालेल की नाही हे विचारायला संध्याकाळी इथे येई. पेट्रोलची रांग सय्यदची पोरं लावत. रुग्णालयाच्या दारावर तीच उभी असत, पीठ तीच वाटत, आणि पुलाच्या अलीकडे परकी गाडी येऊ द्यायची की नाही हेही तीच ठरवत. त्या पोरांचा म्होरक्या होता गालिब, तिस्वाहनचा धाकटा आणि आता एकुलता एक.

सय्यद तिला काही विचारणार एवढ्यात गालिबच दारात आला. दंडाला हिरवी पट्टी, खांद्याला रायफल. आईला शेखांच्या रांगेत पाहून तो क्षणभर गोंधळला.

"सय्यदना, पुलावर त्यांच्या तीन गाड्या आल्यात. कर्नल आहे. म्हणतो, पाहुणा म्हणून आलोय."

"पाहुणा म्हणत असेल तर येऊ दे," सय्यद म्हणाला. मग तिस्वाहनकडे वळून, "यम्मा, तुमचं काम माझ्या डोक्यावर. आधी या पाहुण्याचं आटपू."

"माझी कुठे गाडी चुकतेय," ती म्हणाली. फिंजान तिने जागचा हलवला नाही.

कर्नल उंच होता, उन्हाने नाक सोललेला. त्याने शिपाई अंगणात ठेवले, पिस्तूल त्यांच्याकडे दिलं आणि दाराशी वाकून बूट काढले. त्यातला एक बूट आडवा पडला. दाराशी उभ्या असलेल्या गालिबने तो पायानेच सरळ केला. कर्नलने मान लववून त्याचे आभार मानले आणि तो आत आला. मागून दुभाषा बासिल आला, बगदादचा पोरगा, डोळे सोडून सगळं तोंड फडक्याने गुंडाळलेला.

"तोंड का झाकलंस रे?" शेख मिझहिरने विचारलं. सगळ्यांत वयस्क असल्यामुळे त्याला काहीही बोलायची मुभा होती. "नवरी आहेस का?"

"धूळ फार आहे, चाचा."

"धूळच आहे. तुम्ही आल्यापासून बसायचं नावच घेत नाही."

दाखिलने कर्नलला फिंजान दिला. कर्नलने तो उजव्या हाताने घेतला, एकदा सय्यदकडे पाहिलं आणि सावकाश समोरच्या चटईवर ठेवला.

 त्याला हे नक्की कुणीतरी पढवून पाठवलं होतं. शेख मिझहिरने जपमाळ ओढणं थांबवून बासिलकडे असं पाहिलं की पोराने फडकं आणखी वर ओढलं.

"साहेबांना आमच्या चालीरीती माहीत आहेत," सय्यद म्हणाला. "आनंद आहे. मागा."

कर्नल थोडक्यात बोलला आणि बासिल त्याहून हळू आवाजात. गेल्या आठवड्यात पुलावर फौजेची गाडी जाळली. ज्याने जाळली त्याचं नाव गालिब, आणि तो सय्यदच्या आसऱ्याला आहे. तो स्वाधीन करावा. बदल्यात काही मागितलं तर विचार करू. पण कर्नलसाहेब इथे सौदा करायला आलेले नाहीत, ते इथल्या रिवाजाप्रमाणे मागायला आलेत.

इकडे आड, तिकडे विहीर. हो म्हणावं तर स्वतःचा माणूस परक्याच्या हाती दिला; उद्या पुलावर उभं राहायला एक पोर मिळालं नसतं. नाही म्हणावं तर दक्षिणेतल्या सगळ्या टोळ्यांच्या शेखांसमोर बापाच्या बैठकीची लाज गेली, आणि तीही आमच्याच रिवाजाने. सय्यद अंगठीतला अकीक बोटाने फिरवत राहिला. दारात उभा असलेला गालिब हलला नाही, त्याने नजरही खाली केली नाही. त्याच्या हातभर अंतरावर कर्नलचे बूट होते.

मग सय्यदची अंगठी थांबली. तो चटईच्या दुसऱ्या टोकाकडे बघत होता.

"साहेब, तुम्ही उशिरा आलात," तो म्हणाला. "तुमच्या आधी एक फिंजान खाली ठेवलेला आहे."

कर्नलने मान वळवली. काळ्या अबायातली म्हातारी आणि तिच्यासमोर थंड झालेली कॉफी त्याने आत्ता पाहिली.

"ही त्या गालिबची आई. एक मुलगा तिने मातीतून उकरून काढलाय. आईने काय मागायचं ते आम्हाला विचारावं लागत नाही." सय्यदचा आवाज आता जुम्म्याच्या नमाजात असतो तसा भरला होता. "यम्मा, प्या. जे मागायचं असेल ते दिलं. ज्यांच्या वंशातला मी, त्या पैगंबरांची शपथ, या सगळ्यांच्या साक्षीने दिलं."

बासिल भाषांतर करत होता तोवर शेख लोकांचे खांदे एकेक करून सैल झाले.

"एकदा दिलेली वस्तू दुसऱ्यांदा देता येत नाही," सय्यद म्हणाला. "पण तुमचाही फिंजान भरलेला परत जाणार नाही. दुसरं मागा. नाही सुचत? मीच देतो. आज तुमच्या गाड्या पुलापार जातील आणि कुणी खडासुद्धा मारणार नाही. प्या."

 कर्नलने फिंजान उचलला आणि एका घोटात रिकामा केला. कडू कॉफीने त्याचं तोंड वाकडं झालं नाही, हे आम्हीही मान्य केलं. पण पढवणाऱ्याने त्याला अर्धंच पढवलं होतं. पुरे झाली की फिंजान हलवून परत द्यायचा असतो. कर्नलने तो नुसताच पुढे केला, तेव्हा दाखिलने पुन्हा भरला. तो प्याला, दाखिलने पुन्हा भरला. तिसऱ्या वेळी शेख मिझहिर म्हणाला, "पिऊ दे त्याला, दाखिल. परत तेवढंच घेऊन जातोय," आणि बासिलही फडक्याच्या आत हसला. त्याने कानात सांगितल्यावर कर्नलने फिंजान हलवला, उठला, आणि जाताना सय्यदला सलाम ठोकला. तो सलाम खोटा नव्हता.

गाड्यांचा आवाज पुलापार विरला. सय्यदने शब्द दिला होता, तेव्हा वाटेत कुणी खडाही उचलला नाही. मग बैठकीत एकच गलका झाला. एक शेख उठून चटईवर पाय आपटत तिथल्या तिथे जुळवलेल्या ओळी म्हणू लागला: रणगाडे पलीकडे, पण शहराची किल्ली कुणाच्या कमरेला? बाकीच्यांनी उत्तर दिलं. गालिब आत आला आणि त्याने आईच्या डोक्याचं चुंबन घेतलं. सय्यदच्या चेहऱ्यावर रक्त चढलं होतं. असा दिवस बघायला आमचे वडील जगले नाहीत याचं आम्हा सगळ्यांना वाईट वाटलं.

"सय्यदना," दाखिल म्हणाला. "तिस्वाहन हज्जियाने अजून कॉफी प्यायली नाही."

गलका थांबायला थोडा वेळ लागला.

"प्या ना, यम्मा," सय्यद हसत म्हणाला. "दिलं की."

"काय दिलंस ते तू विचारलंच नाहीस."

"त्यात विचारायचं काय?"

"मुलगा साहेबाला देऊ नको, हे मागायला मी आले नव्हते," तिस्वाहन म्हणाली. "ते तू दिलंच नसतंस, हे मला ठाऊक होतं. त्यासाठी मी फिंजान कशाला खाली ठेवू? माझा विश्वास इतका स्वस्त नाही." तिने एकदा गालिबकडे पाहिलं. "मी तुझ्याकडे त्याला मागायला आले. तुझ्याकडून. पट्टी काढ, रायफल ठेवून घे आणि मला तो परत दे. जुन्या सरकारने आटवलेल्या दलदलीत पाणी परत आलंय, माझ्या भावाच्या म्हशी आहेत. त्या बोरूच्या बेटांत ना साहेबाची गाडी पोचते, ना तुझा निरोप."

"यम्मा, लोकांत लाज आणलीस," गालिब दबक्या आवाजात म्हणाला.

"लाज? तुझ्या बापाला त्यांनी माफी माग म्हटलं, तो हसला. तुझा भाऊ भिंतीवरून पळू शकला असता, पण पाहुणा घरात होता म्हणून थांबला. मी भिऊन आले असं वाटतं तुला? भीती वाटली असती तर मी मागच्या दाराने आले असते." तिचा आवाज जरासुद्धा चढला नव्हता. "माझी दोन माणसं या मातीने घेतली, त्यांचा मला अभिमान आहे. पण अभिमानाला उशाशी घेऊन झोपता येत नाही. एक माणूस घरात हवा."

 शेख मिझहिर जपमाळेकडे बघत होता. आपल्याला असं म्हणायचं नव्हतं, हे सय्यद सांगू शकला असता. कर्नल गेला होता, शेख घरचेच होते. एखाद्याने बाजू सावरूनही घेतली असती. गालिबवाचून पूल कसा राखायचा, हे त्या घटकेला आमच्यातल्या कुणालाच सांगता आलं नसतं, आणि सय्यदला तर नाहीच. त्याने अंगठीला हात लावला आणि काढून घेतला. मग उठला. तो उठला म्हणून सगळी बैठक उठली. तिस्वाहन तेवढी बसून राहिली.

सय्यदने गालिबच्या दंडावरची हिरवी पट्टी स्वतःच्या हाताने सोडली. गाठ घट्ट होती, वेळ लागला. रायफल घेऊन त्याने भिंतीला टेकवली.

"मी पळपुटा म्हणवून घेणार नाही, सय्यदना," गालिब म्हणाला. त्याचे डोळे भरले होते.

"पळपुटा कोण म्हणेल? म्हणाला तर सांग, सय्यदने मला आईच्या पदरी दिलं. या बैठकीत द्यायला त्याच्यापाशी याहून मोठं काही नव्हतं." पट्टीची घडी त्याने खिशात घातली. "जा. आईला घरी ने."

तिस्वाहनने फिंजान उचलला. कॉफी केव्हाच थंडगार झाली होती. शेवटच्या थेंबापर्यंत ती प्याली.

दाखिल लगबगीने किटली घेऊन पुढे वाकला.

तिने फिंजान हलवला, आणि त्याच्या हातात परत दिला.