बदामीचा पुरावा

पिंप्राळ्यातल्या घरी येऊन द्रौपदाबाईला तीन वर्षं झाली, पण तिचं गाठोडं काही अजून सुटलं नव्हतं. मालक गेल्यावर शिरपूरकडच्या खेड्यातून लेकाकडे आली, ती या गाठोड्यासकट. जरा काही बिनसलं की ते पलंगाखालून बाहेर यायचं. "मी चालनी गावले!" मग लेकानं, देवचंदनं, विनवण्या करायच्या आणि सुनेनं, प्रमिलानं, मुकाट्यानं चहा टाकायचा.

संशय तरी किती घ्यावा माणसानं! दुधात पाणी, भाजीत तेल कमी, आणि लेक सुनेशी हळू बोलला की नक्की आपल्याबद्दलच. पण सगळ्यात जुनं दुखणं लुगड्याचं. मालक गेल्यापासून ती पांढरंच नेसायची, आणि ही सून ते धड धुवत नाही, मुद्दाम पिवळट ठेवते, अशी तिची पक्की खात्री. दोन वर्षांपूर्वी घरासमोरच्या कॉलनीच्या नळावर, दहा बायकांदेखत, तिनं धुतलेलं लुगडं टराटरा फाडलं होतं. "याले पांढरं म्हनतस? हयदमा बुचकयं का?" हळदीत बुचकळल्याचा हा आळ ऐकून प्रमिला हंडा तिथंच टाकून रडत घरात गेली. फाडलेलं लुगडं मात्र म्हातारीनं जपून ठेवलं. अहो, पुरावा होता ना तो!

चौऱ्याण्णवच्या दिवाळीनंतर देवचंदनं आईच्या खोलीला रंग द्यायचं काढलं. "रंग तूच निवड, आई," म्हणाला. म्हातारी आतून फुलली, वरून मात्र तोंड वाकडंच. चुडामण पेंटरनं भिंतीवर चार चौकोन मारले: मोतिया, बिस्किटी, चंदनी, बदामी. चारही एका आईच्या लेकी. हिला झाकावं आणि तिला काढावं.

"ओल्यावर बोलू नका अक्का," चुडामण म्हणाला. "ओला रंग गडद दिसतो, वाळला की उतरतो. उद्या सांगा."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या उजेडात तिनं एकेका चौकोनाला नाक लावून पाहिलं. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत उतरला होता, पण ते कबूल कोण करतंय? बदामीवर बोट ठेवलं. गावाकडची मातीची भिंत उन्हं कलताना दिसायची, अगदी तसा दिसला तिला तो.

"मला तर मोतिया बरा वाटतो, आत्याबाई," प्रमिला सहज बोलून गेली. "खोली उजळ दिसेल."

झालं! म्हातारीच्या डोक्यात किडा वळवळला. दोन दिवसांनी तिला डोळ्याच्या ऑपरेशनला धुळ्याला जायचं होतं, लेकीकडे, केसरकडे. आपण तिकडे गेलो की ही बया मोतिया मारून घेणार आणि वर म्हणणार, हाच तुमचा बदामी! तिनं चुडामणला जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा दिला आणि त्यावर बदामीचे दोन हात मारून घेतले. पुठ्ठा वाळल्यावर त्याच फाडलेल्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळला. वर बियाण्याच्या पुरचुंडीला मारायची ती गाठ मारली. ती गाठ तिच्या सासूनं शिकवलेली, या घरात दुसऱ्या कुणाला सुटायची नाही. पुरचुंडी धुळ्याला बरोबर नेली आणि उशाखाली ठेवून झोपली. प्रमिलाला यातलं काही माहीत नव्हतं.

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, आत भिंग बसवलं. दुसरा डोळा पुढच्या वर्षी करू, डॉक्टर म्हणाले. तीन आठवड्यांनी काळा चष्मा लावून म्हातारी परत आली ती थेट खोलीत गेली. चष्मा काढला आणि उभी पेटली.

भिंत फिकी! कुठं तो बदामी आणि कुठं ही दुधात बोट बुडवल्यासारखी भिंत!

"हाऊ मना रंग नही शे! कोनी बदली टाका?"

"आत्याबाई, बदामीच आहे हो. चुडामणला विचारा."

"त्याले तूच फितवं व्हई!" गाठोडं बाहेर आलं. आणि या वेळी ती खरंच जाणार होती. या घरात आपल्या एका शब्दालाही किंमत नसेल, तर राहायचं कशाला? पण जायच्या आधी चोरी उघडी पाडायची होती. देवचंदला पिटाळून तिनं चुडामणला बोलावून आणलं आणि सगळ्यांसमोर पुरचुंडी काढली. गाठ जशीच्या तशी होती. ती तिनं दातानं सैल केली, तुकडा उलगडला, पुठ्ठा भिंतीला टेकवला.

भिंत आणि पुठ्ठा, दोन्ही एक. तसूभर फरक नाही.

"बघा अक्का," चुडामण म्हणाला. त्याचा आवाज दुखावला होता. "वीस वर्षं रंग देतोय मी."

पुठ्ठा बदलला म्हणावा तर तो उशाखालून हलला नव्हता. तिनं नवा डोळा तळहातानं झाकला. जुन्या डोळ्याला भिंत पुन्हा तशीच बदामी दिसली, मातीची, उन्हातली. हात काढला, फिकी झाली. पुन्हा झाकला, पुन्हा काढला. मग तिची नजर दुसऱ्या हातातल्या लुगड्याच्या तुकड्यावर गेली.

बदामी पुठ्ठ्याशेजारी तो तुकडा पांढराशुभ्र दिसत होता, नीळ दिलेला. तिनं नवा डोळा झाकला. तुकडा पिवळा झाला, नळावर दिसला होता तसाच. ती मटकन पलंगावर बसली.

"रंग बराबर शे, भाऊ," ती चुडामणला म्हणाली. "मनंच चुकनं."

तो गेला, देवचंद त्याला सोडायला गेला. प्रमिला दारातच उभी होती.

"तू तवय काहीच कशी बोलनी नही?" म्हातारीनं तो तुकडा पुढं धरून विचारलं.

"बोलले होते," प्रमिला म्हणाली. "म्हणाले होते, पांढरंच आहे आत्याबाई. तुम्ही म्हणालात, मी आंधळी शे का?"

म्हातारी उठली. आत्याबाई, बाहेर धूळ आहे, डॉक्टर नको म्हणालेत, असं प्रमिला सांगत राहिली. ही काळा चष्मा चढवून नळावर गेली. पाण्याची वेळ, सगळ्या बायका जमलेल्या. आता कुणाचं लुगडं फाडते, या भीतीनं एक-दोघींनी आपल्या बादल्या मागे घेतल्या.

तिनं शेजारच्या ताईबाईसमोर तो तुकडा धरला.

"हाऊ कोनता रंग शे?"

ताईबाई गोंधळली. "पांढरा आहे, अक्का," पुटपुटली.

"जोरमा बोल," म्हातारी म्हणाली. "मनी सून घरमा शे."