पहिल्या मजल्याचं बटण

मित्रांनो, मी एक जुनी लिफ्ट आहे आणि तुमच्याविषयी माझं मत फारसं बरं नाही. हे आधीच सांगून टाकते. इतर जुन्या वस्तू आत्मवृत्त सांगताना शेवटी तुम्हाला माफ करतात. मोडकी छत्री माफ करते, फाटकं पुस्तक तर रडतं. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. मी लोखंडाची आहे.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. माझे पहिले प्रवासी म्हणजे वाळूची पोती. मला वजन पेलतंय का हे बघायला ती आत रचली होती. आजवरच्या प्रवाशांत तीच सर्वांत सभ्य. त्यांनी एकच बटण पुन्हा पुन्हा दाबलं नाही, आरशात नाकपुड्या तपासल्या नाहीत आणि एकमेकांना 'तुझी लायकी काय' असं विचारलं नाही. पुढे माणसं आली आणि दर्जा घसरला.

माझ्या आत एक पाटी आहे : 'सहा माणसे'. मला वाटलं होतं की ते आश्वासन आहे. ते नुसतं वजन निघालं.

सुरुवातीची वर्षं मात्र बरी गेली. लोक पाहुण्यांना मुद्दाम मला दाखवायला आणायचे. स्टुलावर लिफ्टमन बसायचा. भांडणं तेव्हाही व्हायची, पण ती तोंडावर व्हायची आणि आखूड असायची. तळमजल्यावर पेटलेलं भांडण चौथ्या मजल्यावर आवरतं घ्यावंच लागायचं, कारण एकाला उतरायचं असायचं. आणि उतरताना तो म्हणायचा, "येतो हं." ज्याचा आत्ता बाप काढला त्यालाच "येतो हं." मला ही पद्धत आवडायची.

मग लिफ्टमन निवृत्त झाला, पाठोपाठ स्टूल गेलं, आणि मग तुमच्या माना खाली गेल्या त्या गेल्याच.

आमच्या इमारतीचं एक ॲप निघालं. त्यावर आधी पाण्याच्या वेळा यायच्या, नंतर भांडणं यायला लागली. आमचे सेक्रेटरी एका विमा कंपनीत आहेत, त्यांना धोका आधीच दिसतो आणि उपाय नेहमी उलटा सुचतो. त्यांनी नियम काढला : 'वाद वैयक्तिक होऊ नयेत म्हणून यापुढे ॲपवर कोणीही स्वतःचं नाव किंवा घराचा नंबर वापरू नये. टोपणनाव घ्यावं, फोटोही दुसऱ्या कशाचा तरी लावावा.' सगळ्यांनी या दूरदृष्टीचं कौतुक केलं. आठवडाभरात अख्खी इमारत बुरखा घालून एकमेकांना चावायला लागली. वाद वैयक्तिक राहिले नाहीत हे खरं. ते कोणाचेच राहिले नाहीत.

मला हे कसं कळतं? माझ्या मागच्या भिंतीला आरसा आहे. तुमचे फोन त्यात उलटे दिसतात. मी सुलटं करून वाचते. मला दुसरं काम नसतं.

त्या ॲपवर सर्वांत भयंकर प्राणी होता 'एकटा वाघ'. हा म्हणजे सहाव्या मजल्यावरचा दाताचा डॉक्टर. प्रत्यक्षात इतका भिडस्त, की चुकून कोपर लागलं तर माझ्या भिंतीला 'सॉरी' म्हणायचा. पण अंगठे स्क्रीनला लागले की डरकाळी. त्याला तोंडाला तोंड देणारी होती 'शांतिदूत'. ही पहिल्या मजल्यावर राहणारी बेकरीवाली. या शांतिदूताने लोकांच्या अकलेविषयी जे लिहिलं ते मी इथे सांगू शकत नाही, कारण मुलं वाचतायत. पहाटे बेकरीत जाणारी, दुपारी जिन्याने परतणारी ही बाई माझ्यात क्वचितच चढायची, त्यामुळे वाघाने तिला कधी पाहिलं नव्हतं.

आता माझ्या एकमेव आवडत्या माणसाविषयी. बेकरीवालीचे वडील. आयुष्यभर बसमध्ये कंडक्टर होते. उभं राहून राहून गुडघे गेले, आता एक पायरीसुद्धा उतरवत नाही. पण माझ्यात चढले की त्यांची ड्युटी सुरू. "चला, पुढे सरका, पुढे सरका," असं ते रिकाम्या लिफ्टमध्येही म्हणायचे. कोणी आत आलं की त्याच्याबरोबर त्याच्या मजल्यापर्यंत जायचं, वाटेत चौकशी करायची, मग पुढचा प्रवासी. सगळे उतरल्यावर, सर्वांत शेवटी, पहिल्या मजल्यावर स्वतः उतरायचं. त्यामुळे त्यांना उतरताना कोणी पाहिलंच नव्हतं. दाताच्या डॉक्टरची तर खात्री होती की आजोबा सातव्यावर राहतात.

"काय आजोबा, आज किती फेऱ्या?" तो दार धरून विचारायचा.

"गाडी फुल्ल आहे डॉक्टर, तुम्ही आत या," आजोबा म्हणायचे.

डॉक्टर हसायचा, सहाव्यावर उतरायला निघायचा, आणि दाराबाहेर पडायच्या आत ॲपवर लिहायचा : 'पहिल्या मजल्यावरून कोणीतरी ऐतखाऊ दिवसभर लिफ्ट बोलावतो. पाय काय फक्त मोजे घालायला दिलेत?'

मित्रांनो, वाळूच्या पोत्याकडून असं घडलं नसतं.

माझं वय झालं होतं. दार मधेच अडकायचं. मिस्त्री म्हणाला, थांबे कमी झाले तर मशीनला बरं. तेवढं पुरलं. वाघाने मागणी केली की पहिल्या मजल्याचं बटणच बंद करा. सेक्रेटरींनी ॲपवर मतदान लावलं. रविवारी संध्याकाळी निकाल. फोटोंतली सगळी जंगलं आणि फुलांचे गुच्छ धडाधड 'बंद करा'वर अंगठा उमटवायला लागले. बटण बंद झालं असतं तर कंडक्टर आजोबांचा शेवटचा स्टॉप त्यांचा उंबरठा झाला असता. हे फक्त त्यांच्या मुलीला माहीत होतं आणि मला. मी बोलू शकत नाही. ती बोलली नाही. ती फक्त शिव्या देत होती.

रविवारी दुपारी डॉक्टर तळमजल्यावर आत आला. मागोमाग बेकरीवाली, एका काखेत लांबडं खोकं आणि हातात बिस्किटांची पिशवी. खोकं जिन्यातून वळेना म्हणून बाई नाइलाजाने माझ्यात आली होती. तिने पहिल्या मजल्याचं बटण दाबलं. डॉक्टरने ते डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. खोकं पाहिलं नाही. आम्ही निघालो आणि मधल्यामधे मी अडकले.

मी मुद्दाम अडकले असं सांगायला मला फार आवडलं असतं. दाराचं चाक घसरलं, बाकी काही नाही.

"अडकली वाटतं," डॉक्टर म्हणाला.

"हो ना. मिस्त्रीला फोन लावते." तिने लावला. "येतोय म्हणाला."

"थँक्यू हं."

"त्यात काय! बिस्किट घेता? आत्ताच भट्टीतून काढलीत."

"अरे वा." त्याने दोन घेतली. मग दोघांनी आपापल्या कोपऱ्याकडे तोंड केलं आणि फोन काढले.

एका हातात बिस्किट धरून वाघाने दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने लिहिलं : 'लिफ्ट पुन्हा बंद. पहिल्या मजल्याचे जाहीर आभार.'

तिचा फोन वाजला. टिंग.

तिने लिहिलं : 'लिफ्ट दुरुस्त होते. काही डोकी होत नाहीत.'

त्याचा फोन वाजला. टिंग.

"फारच खुसखुशीत आहेत हो," तो म्हणाला.

"अजून एक घ्या ना."

त्याने घेतलं आणि लिहिलं : 'ज्याचं डोकंच पहिल्या मजल्यावर आहे त्याने बोलू नये.' टिंग. तिने लिहिलं : 'वाघ म्हणे! घरी मांजरसुद्धा विचारत नसेल.' टिंग. हा लिहितो, तिचा वाजतो. ती लिहिते, याचा वाजतो. दोघांच्या मधे एक हात अंतर. दोघंही पदवीधर.

शेवटी वाघाने हुकमी पान टाकलं : 'पुरावा देतो. आत्ता अडकलेल्या लिफ्टमध्ये माझ्या शेजारी एक बाई उभी आहे. चांगली धडधाकट. हिने पहिल्याचं बटण दाबलंय. अशा आळशी लोकांचं करायचं काय?'

टिंग.

तिने वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग तिने हळूच मान वर केली. किती महिन्यांनी माझ्या आत कोणीतरी मान वर करत होतं, मला भरूनच आलं. तिने त्याच्या फोनवरचा वाघाचा फोटो पाहिला.

"वाघ?" ती म्हणाली.

डॉक्टरच्या तोंडात बिस्किट होतं. "शांतिदूत?" त्याने कसंबसं विचारलं.

यावर काय बोलायचं याची पद्धत अजून कोणी घालून दिलेली नाही. तेवढ्यात वरून, पहिल्या मजल्याच्या दारावर टकटक झाली.

"आत कोण आहे? घाबरू नका. गाडी नादुरुस्त झाली आहे, प्रवाशांनी जागा सोडू नये!"

"आजोबा?" डॉक्टर वर बघून ओरडला. "तुम्ही इथे कुठे? सातव्यावरून चालत आलात?"

"सातव्यावर कोण राहतं? घर इथे आहे माझं, पहिल्याला. कधीचा लिफ्टची वाट बघतोय."

"बाबा, उभे राहू नका," बेकरीवाली म्हणाली. "वॉकर आणलाय मी. दाराजवळची खुर्ची घ्या आधी."

डॉक्टरने तेव्हा कुठे ते खोकं पाहिलं. त्यावर वॉकरचं भलंमोठं चित्र होतं. ते पहिल्यापासून होतं.

"तुमचे वडील?" त्याने अगदी खालच्या आवाजात विचारलं. "मग लिहिलंत का नाही कधी? त्यांच्या गुडघ्यांचं?"

"कोणाला लिहू?" तीही तशीच कुजबुजली. "बाबांचे गुडघे नेऊन वाघाच्या तोंडात घालू?"

वरून आजोबांना काही ऐकू गेलं नव्हतं. खुर्ची ओढल्याचा आवाज आला आणि ते आरामात बोलायला लागले. "डॉक्टर, बरे सापडलात. ॲपवर तो एक वाघ आहे ना, मुलगी सांगते मला, फार गुरगुरतो. माझं ऐका, त्याची अक्कलदाढ दुखत असणार. बसमध्ये इतकी माणसं पाहिली मी, विनाकारण वसकन अंगावर येणाऱ्याचं काहीतरी ठणकत असतंच. कोण आहे तो शोधून काढा आणि जरा तपासा बिचाऱ्याला."

आता मित्रांनो, बेकरीवालीला एवढंच म्हणायचं होतं, 'बाबा, तो इथेच आहे.' चार शब्द. जिने ॲपवर चारशे वापरले तिने हे चार गिळले. तिने पिशवी बंद केली आणि आकड्यांच्या पट्टीकडे बघत राहिली.

"हो आजोबा," डॉक्टर म्हणाला. "तपासतो."

मिस्त्री आला, चाक बसवलं, दोघं पहिल्यावर बाहेर पडली. खोकं डॉक्टरने उचललं. मग माझ्यात परत येऊन त्याने फोन काढला. आधी त्याने ते सगळं पुसता येतंय का ते पाहिलं. तो काही संत नव्हता. पुसता येईना. तेव्हा लिहिलं : 'माझं चुकलं. पहिल्या मजल्यावर जिने न उतरू शकणारे आजोबा राहतात. बटण राहू द्या. मी मत बदलतोय.'

मग एका सूर्यफुलाने लिहिलं, 'हा वाघ नाही.' एका घुबडाने लिहिलं, 'हॅक झालाय.' शांतिदूताने लिहिलं, 'वाघाचं बरोबर आहे.' तेव्हा तर घबराटच उडाली. सेक्रेटरींनी सूचना काढली : 'एकटा वाघ आणि शांतिदूत या दोन खात्यांवरून "माझं चुकलं", "बरोबर आहे" अशी संशयास्पद भाषा वापरली गेल्याने सुरक्षेसाठी दोन्ही खाती बंद करण्यात येत आहेत. सर्वांनी पासवर्ड बदलावेत.'

शिव्या दिल्या तेव्हा कोणाला संशय आला नव्हता.

मग डॉक्टर माझ्यात बसून मजल्यामजल्यावर गेला आणि दारं वाजवली. घाम पुसत, चाचरत, खऱ्या तोंडाने. सगळीकडे तेच ऐकलं मी. "अय्या, कंडक्टर आजोबा पहिल्यावर राहतात? मग राहू दे की बटण! आत या ना, पाणी घ्या." घुबड तर फारच प्रेमळ निघालं. ती शिकवण्या घेणारी काकू. "पण ॲपवर मी माझं मत बदलणार नाही हं," ती म्हणाली. "लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणजे कोण?" डॉक्टरने विचारलं.

"हेच. आपल्या इमारतीतले."

संध्याकाळी निकाल लागला. 'बंद करा' प्रचंड बहुमताने जिंकलं. ॲपवर विजयाचे फटाके फुटले. दुसऱ्या दिवशी मिस्त्री बटण काढायला आला तेव्हा फटाके फोडणारे एकेक करून खाली आले आणि त्याला बाजूला घेऊन म्हणाले, "ते काढू नका. आणि मी सांगितलं असं कोणाला सांगू नका." सगळ्यात शेवटी सेक्रेटरी आले. तेही हेच म्हणाले.

म्हणून माझ्या पहिल्या मजल्याच्या बटणावर एक कागद चिकटवलेला आहे : 'बंद'. बटण चालू आहे. सगळ्यांना माहीत आहे, कोणी लिहीत नाही. कंडक्टर आजोबा रोज वॉकर घेऊन येतात, "पुढे सरका" म्हणतात आणि त्या कागदावरूनच बटण दाबतात. त्यांच्या बोटाने आता 'बंद'च्या मधोमध भोक पडलंय.

तर मित्रांनो, माझ्या दारात पाय घालू नका, बटण एकदाच दाबा, आणि आरशावर बोटं उमटवू नका. एवढीच माझी काळजी घ्या. आणि माझ्या आत उभं राहून कोणाचा तरी जाहीर पाणउतारा करायची हौस आलीच, तर खुशाल करा, मी तुम्हाला ओळखून आहे. फक्त 'पाठवा' दाबलंत की फोन लगेच खिशात टाकू नका. मान वर करा आणि कोणाचा वाजतोय ते ऐका.