पानांचे अभ्रे

मरून रंगाच्या मखमलीचा वीतभर तुकडा.

बशीत लालसर पाणी.

एका डोळ्याचा मोतीबिंदू, मग दुसऱ्याचा.

फरशीवर शिवणयंत्राच्या पायांचे ओरखडे.

सतरा पानं.

हे सगळं एका खिडकीपायी घडलं. घरात कोवळं ऊन येणारी खिडकी एकच, आणि तिथे थोरल्या जाऊबाईंची कोलियसची कुंडी ठाण मांडून बसलेली. पानं मधे मरून, कडेला पोपटी. धाकटी लोकांचे कपडे शिवायची, तेही आतल्या अंधाऱ्या खोलीत. सुईत दोरा ओवताना तिला नाकीनऊ यायचे. वर्षभर ती मागे लागली होती, "ताई, खिडकी मला द्या ना."

जाऊबाईंना पाठीमागे सगळे मुकादम म्हणत. डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी दोन महिने लेकीकडे निघताना त्यांनी अट घातली, "रोप सांभाळून दाखव. आल्यावर पानं अशीच रंगीत दिसली तर खिडकी तुझी. नाही दिसली तर पुन्हा विषय काढायचा नाही."

आणि भिंतीवर कागद चिकटवून गेल्या:

माती बोटाने चाचपूनच पाणी.
तुरा आला की खुडणे.
दर रविवारी ओल्या फडक्याने पानं पुसणे.
खिडकीतून हलवायचं नाही!!

पहिल्या तीन गोष्टी धाकटीने जिवापाड पाळल्या. चौथी पाळायची तर मशीन कुठे ठेवणार? जाऊबाईंची गाडी कोपऱ्यावर वळली न वळली तोच तिने मशीन ओढत खिडकीशी आणलं आणि कुंडी आतल्या खोलीत कपाटावर चढवली. खिडकी आपलीच होणार ना, मग आधी बसलं तर काय बिघडलं?

रोपाचं बिघडलं. अंधारात मरून रंग आधी विटकरी झाला, मग मातकट, मग सरळ हिरवा. पालकाची जुडीच म्हणा.

"डोळे कसे आहेत, ताई?" तिने फोनवर विचारलं.

"अगं, पलीकडच्या गच्चीवरच्या चिमण्या मोजतेय! रविवारी येतेच."

धाकटीने फोन ठेवला.

"खरं सांगून टाक," नवरा म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा. अंधारात काजं केलीयत कधी?"

एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजची मखमल उरली होती. धाकटीने टेपने एकेका पानाचं माप घेतलं. उशीला अभ्रा घालतात तसा प्रत्येक पानाला मखमलीचा अभ्रा, कडेला पोपटी गोट, देठाशी कच्चा टाका. शनिवारी मशीन आत गेलं, कुंडी खिडकीत आली.

रविवारी काळा चष्मा लावून जाऊबाई आल्या आणि थेट कुंडीपाशी गेल्या. पाच मिनिटं नुसत्या बघत राहिल्या.

"अगंबाई, काय रंग चढलाय!" मग पानावरून बोट फिरवलं. "आणि मऊ किती!"

"खत घातलं ना."

"कसलं गं?"

"घरचंच."

"बरं. आज रविवार. फडकं आण ओलं करून."

धाकटीने फडकं आणलं आणि नजर छताला लावली. जाऊबाईंनी एक पान चोळून चोळून पुसलं. फडकं लाल. दुसरं पुसलं. ओघळ कुंडीवरून बशीत.

"फारच रंग सोडतंय गं रोप."

"नवीन आहे ताई," धाकटीच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "पहिल्या धुण्याला जातो थोडा."

नवऱ्याने तोंडात रुमाल कोंबला.

जाऊबाईंनी चष्मा काढला, पान डोळ्याजवळ नेलं. "टीप मात्र सुतासारखी सरळ. आतल्या खोलीत बसून अशी टीप पडत नाही. फरशीवर ओरखडेही आहेत. मला दिसतात हं आता."

"चुकलं, ताई."

"चुकलंच. पण पानं रंगीत दिसली तर, असं मीच बोलून बसले. पाच मिनिटं दिसली." त्यांनी फडकं तिच्या हातात दिलं. "जा, मशीन आण. रोप मशीनच्या डाव्या अंगाला राहील आणि त्याच्यावर तुझी सावली पडता कामा नये. आधी हे अभ्रे काढ, गुदमरलं असेल बिचारं."

धाकटी कात्री घेऊन टाके उसवायला बसली. अभ्र्याखालचं पहिलंच पान निघालं तेव्हा जाऊबाईंनी "पालक!" म्हणून कपाळावर हात मारला.

लेकीकडे निघायच्या आदल्या दिवशी जाऊबाईंनी कोलियसची एक फांदी खुडून, ओल्या कापसात गुंडाळून पर्समध्ये टाकली होती.