गळ्यातली टेप

"मुद्दाम करतेस तू! सोड ती सवय!" जेवणाच्या टेबलावर आजी कडाडली, तसा नातीचा खांदा आणखीच उडाला. किती घरांत ऐकू येतं हे वाक्य! आजीचं सगळं आयुष्य शिवणकामात गेलेलं, त्यामुळे जिभेलाही कात्रीची धार. वर सुनेला ठरलेला टोमणा, "आमच्याकडे नव्हतं बाई असलं. हे हिच्या माहेरचं."

डॉक्टरांनी या झटक्यांना नाव दिलं, टिक. ते कशामुळे येतात यावर दवाखान्यात संशोधन चालू होतं आणि त्यासाठी घरातल्या सगळ्यांची लाळ हवी होती.

"माझी कशाला? मी ठणठणीत आहे," आजी तिथेही फणकारली.

संशोधक बाई हसल्या. "आजी, आम्ही गुन्हेगार शोधत नाही, जनुकं शोधतोय. एकाच जनुकाचं हे काम नसावं, बरेच बारीक बदल पिढ्यान्‌पिढ्या उतरत येतात. मधल्या कुणी लपवलं की आमचा धागाच तुटतो."

"सापडलं की ही बरी होईल?" सुनेनं विचारलं.

"लगेच नाही. पण पुढे चांगली औषधं शोधायला मदत होईल. आणि हिला ओरडणं तर आजच थांबवता येईल. शिंक काय कुणी मुद्दाम देतं?"

"म्हणजे मी वाईट नाही?" नातीनं हळूच विचारलं.

आजीचा हात गळ्यातल्या मापाच्या टेपकडे गेला. बाहेर जातानाही ती टेप काढत नसे, म्हणून सगळे तिला हसत. खरं कारण तिलाच ठाऊक होतं. खांदा उडाला की ती टेप सारखी करायची, आणि बघणाऱ्याला वाटायचं, काय कामसू बाई आहे! लहानपणी याच खांद्यापायी तिनं मार खाल्ला होता.

तिनं टेप काढून टेबलावर ठेवली. खांदा उडाला. पुन्हा उडाला!

"आमच्याकडचंच आहे हो! माझंच!" मग सुनेचा हात धरून ती म्हणाली, "तुझ्या माहेराला उगाच बोल लावला गं. चुकलं माझं."

"आजी, तुझा तर माझ्यापेक्षा जोरात उडतो!" नात टाळ्या पिटत ओरडली.

"मग! सीनियर आहे मी!"

आजीला आता दम कुठला! तिथूनच तिनं भावाला फोन लावला. "गाणं नसताना मान डोलवतोस ना, ते सांगायचं डॉक्टरांना. लपवू नकोस, लगेच ये. नळीत थुंकायचंय!" संशोधक बाईंना आनंद लपवता येईना. एकाच कुटुंबातली तीन माणसं!

वाचकहो, शरीराच्या घडणीची लाज कसली? आपण ती लपवतो, आणि शिक्षा पोरं भोगतात. ओरडण्याआधी जरा स्वतःकडे बघा, आणि शोध घेणाऱ्यांना खरं ते सांगा.

आजीची टेप आता मशीनवर असते, मापं घेण्यापुरती.