शिट्टी थांबली तेव्हा

वर्षाराणी पोह्यांचा कांदा चिरत होती, पण तिचे कान परसदारी लागले होते. तिथं तिच्या सासूनं, सुभद्राबाईनं, आठ महिन्यांच्या संस्कृतीला पायावर घेऊन न्हाऊ घातलं होतं आणि आता धुरीची तयारी चालली होती. शेगडीत गोवरीचे निखारे, निखाऱ्यावर ओवा आणि लसणाची टरफलं. शेगडीवर बाज, बाजेवर गोधडी, गोधडीत पोर.

"आत्या, धूर नको म्हनल्यात डॉक्टरीनबाई," वर्षाराणी आतूनच म्हणाली.

"त्या डॉक्टरनीला लेकरं किती झाली गं? अख्ख्या गल्लीची लेकरं न्हाऊ घातली मी या हातानं. धुरीबिगर लेकरू निबर होत न्हाई. तू पव्ह्यात मीठ बघ."

वर्षाराणीनं मीठ बघितलं नाही. तिला शिट्टी ऐकू आली होती. सायकलच्या चाकातून बारीक हवा सुटावी तशी. पोर श्वास सोडी तेव्हा ती वाजे. सर्दी दोन दिवसांची होती, आणि आता धूर. तिनं कांदा तसाच टाकून विळी आडवी केली.

हा आवाज तिच्या ओळखीचा होता. याच हिवाळ्यात तो आधीही दोनदा येऊन गेला होता, आणि तिनं नवऱ्याच्या मागं लागून पोर गेवराईला नेली होती. डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावली, अभिमन्यूला विचारलं, लहानपणी तुम्हाला दम लागायचा का? अभिमन्यूनं मान खाली घातली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एवढ्या लहान बाळावर मी दम्याचा शिक्का मारत नाही. पण शिट्टी परत परत येतेय, बापालाही होतं, म्हणजे उपचार दम्याचाच करायचा. घरात धूर नको, बिडी नको, कापसाची धूळ नको." मग त्यांनी निळा पंप दिला, त्याला जोडायची लांबट नळी दिली, नळीच्या टोकाला बाळाच्या नाकातोंडावर बसेल असा मऊ मास्क. कसा धरायचा ते वर्षाराणीकडून करून घेतलं. आणि दाराशी पोचलेल्या तिला परत बोलावून एक गोष्ट सांगितली. "शिट्टी वाजतेय तोवर हवा आत-बाहेर होतेय. पण छाती ओढली जातेय आणि शिट्टी थांबली, तर बरं वाटलं असं समजू नका. तेव्हा पळायचं."

तो पंप घरी आला आणि नाहीसा झाला.

कारण घरात दीपाली होती, अभिमन्यूची लग्नाची बहीण. दम्याच्या घरची मुलगी कोण करतो? आज तेलगावचे पाव्हणे तिला बघायला येणार होते. सासरे शहादेव, गावचे माजी सरपंच, यांनी तो पंप बैठकीतल्या शोकेसच्या खालच्या कप्प्यात, आपल्या सन्मानचिन्हांच्या मागं ठेवून कुलूप घातलं होतं. किल्ली सुभद्राबाईच्या कमरेला. मागच्या वर्षी याच शहादेवांनी गावातल्या बालआरोग्य शिबिराची फीत कापली होती आणि माइक हातात धरून अंधश्रद्धेवर असं बोलले होते की टाळ्या थांबेनात. त्या शिबिराचं सन्मानचिन्हही त्याच शोकेसमध्ये होतं. पंपाच्या अगदी पुढं.

पाव्हण्यांसाठी बैठक मोकळी करायची म्हणून तिथला कापसाचा ढीग काल माजघरात ओतला होता. पोर रात्रभर त्या ढिगाशेजारी झोपली होती. सर्दी, कापूस, धूर. घरानं मिळून पोरीचा गळा आवळायला घेतला होता, आणि घरातलं एकही माणूस वाईट नव्हतं. हेच सगळ्यात भयंकर असतं.

अभिमन्यू पाण्याची घागर ठेवायला आत आला. वर्षाराणीनं त्याचा हात धरला.

"अहो, किल्ली आना. तिला दम लागलाय परत."

"आजच का गं? पाव्हने शिवेवर आलेत."

"पोरीच्या दमाला सांगा मग, उद्या लाग म्हनून."

त्यानं इकडंतिकडं पाहिलं. "जराक दम धर. ते गेले की मार पंप. आबा लई भडकतेत." आणि तो गेला. त्याच्या पोटावर, बेंबीच्या बाजूला, लहानपणी तापल्या सुईनं दिलेल्या डागांचे चकचकीत वण होते. ते त्यानं बायकोशिवाय कुणाला दाखवले नव्हते.

तेवढ्यात अंगणात गाडी वाजली. बैठकीत "या, या, बसा" सुरू झालं. मुलाची आई गीताबाई मोठ्या आवाजाची होती, तिचं हसणं माजघरापर्यंत येत होतं. इकडं वर्षाराणीनं धुरीवरून पोर उचलून माजघरात आणली होती, आणि पोरीनं दूध सोडलं होतं. वर्षाराणीनं छातीशी घेतलं की ती तोंड लावी, एक घोट घेई आणि दमून मान फिरवी. नाकपुड्या फुलत होत्या. झबलं वर केलं तर बरगड्यांखाली दर श्वासाला खड्डा पडत होता.

"डबा झालाय," सुभद्राबाई म्हणाली. लेकराची छाती उडायला लागली की गावात त्याला डबाच म्हणतात, आणि डब्याला औषध एकच, पोटावर डाग. "साखराबाईला आनते मागल्या दारानं."

"आत्या, डाग न्हाई द्यायचा!"

"आभीला दिलता. बग कसा बैलावानी झालाय." मग तिचा आवाज खाली गेला. "उशीर केला की काय होतंय ते मला ठावं हाय. माझ्या सत्यमच्या वक्ती डागाला उशीर झाला."

सत्यम म्हणजे तिचं पहिलं लेकरू. त्याचं नाव या घरात एवढ्या एका वाक्यापुरतंच निघत असे.

साखराबाई आली. म्हातारी, हसतमुख, सगळ्या गावाची आजी. तिनं कनवटीची दाभण काढली, कापसाच्या पोत्याचं तोंड शिवतात ती जाड सुई, आणि मागल्या दाराशी आणून ठेवलेल्या धुरीच्या त्याच शेगडीत खुपसली.

"भिऊ नको गं माय," ती वर्षाराणीला म्हणाली. "चार टिपके दिले की रडंल, रडली की छाती मोकळी. तू आई हायेस, तू बगू नको. तिकडं तोंड कर."

दाभण तांबडी व्हायला लागली. बैठकीत कुणीतरी विचारलं, "पोरीला सैपाक येतो ना?" आणि हशा झाला. वर्षाराणीनं पोर छातीशी आवळली होती. तिला त्या दाभणीची भीती वाटत होती, सासऱ्याची वाटत होती, नवऱ्याच्या घरात राहायचंय त्याची वाटत होती. या सगळ्या भीतीच्या खाली ती एकच आवाज ऐकत होती. सूं... सूं... सूं...

आणि तो थांबला.

पोर शांत झाली. मान खांद्यावर पडली, डोळे अर्धे मिटले.

"बग!" सुभद्राबाईचा चेहरा उजळला. "शिट्टी थांबली. गुन आला धुरीचा. निजली माझी बाय."

"नुसती दाभन बगून डबा पळाला," साखराबाई हसली. "तरी एक टिपका देतेच. परत यायला नको."

वर्षाराणीनं झबलं वर केलं. खड्डा तसाच होता. पहिल्यापेक्षा खोल. पोट वर, छाती आत. आवाज काहीच नव्हता. ओठ जांभळे पडले होते.

का कोण जाणे, तिची भीती गेली. बाकीच्या सगळ्या भीत्या जाऊन एकच उरली, आणि ती एकटी असली की माणसाला चालवते.

"आत्या, किल्ली."

"अगं, निजली की..."

"ती निजली न्हाई. ती मरायलीय. किल्ली द्या."

साखराबाई दाभण घेऊन पुढं सरकली. वर्षाराणीनं आपला पदर बाजूला केला. "आदी इथं टेकवा. माझ्या पोटावर. माझी छाती मोकळी होते का बगू. मग माझ्या लेकराला हात लावा."

म्हातारीचा हात जागीच राहिला.

माजघराच्या दारात दीपाली उभी होती. अंगावर नवी साडी, हातात पोह्यांचं ताट. तिनं पोरीचे ओठ पाहिले. ताट कापसाच्या ढिगावर ठेवलं.

"आई, किल्ली दे."

"दीपे, तुझी सोयरीक बसलीय भायेर! येडी झालीस का?"

सुभद्राबाईनं कमरेची किल्ली मुठीत धरली होती. दीपालीनं तिच्याशी झटापट केली नाही. तिनं पाट्यावरचा वरवंटा उचलला, बैठकीत गेली, आणि तेलगावच्या पाव्हण्यांच्या डोळ्यांदेखत शोकेसच्या खालच्या काचेवर घातला.

"अगं ए!" शहादेव उठले. सन्मानचिन्हं खळाखळा खाली आली. त्यांच्या मागून दीपालीनं निळा पंप आणि नळी काढली. वर्षाराणी मागोमाग आलीच होती. ती काचांच्या कडेलाच खाली बसली, पोरीला मांडीवर उभं धरलं, पंप हलवून नळीला लावला, मास्क नाकातोंडावर दाबून बसवला. पंप दाबला. थांबली, पोरीचे इवले श्वास होऊ दिले. पुन्हा हलवला, पुन्हा दाबला.

"आता उभे काय राहिलात?" ती नवऱ्याकडं न बघता ओरडली. "गाडी काढा! दवाखान्याला फोन करा!"

"आमची दारातच हाय," गीताबाई चटकन उठून म्हणाली. तिचं हसणं कुठल्या कुठं गेलं होतं. "चल पोरी, बस आधी."

गेवराईच्या रस्त्यावर वर्षाराणी डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितल्याप्रमाणं पंप देत राहिली. अभिमन्यू शेजारी बसून पोरीचा पाय धरून रडत होता. आणि मग, मास्कच्या आतून, बारीक, घासत, पुन्हा सुरू झालं. सूं... सूं...

सकाळपासून जिच्या भीतीनं तिचा जीव गोळा झाला होता ती शिट्टी परत आली, आणि वर्षाराणी मोठ्यानं हसली. हवा आत चालली होती.

दवाखान्यात प्राणवायू लावला, औषधाची वाफ दिली. संध्याकाळी पोरीचे ओठ गुलाबी झाले आणि तिनं आईच्या मंगळसूत्राला हात घातला. डॉक्टरीणबाई एवढंच म्हणाल्या, "अजून जरा उशीर केला असता तर माझ्या हातात काही नव्हतं. आता पंप उशाशी. कुलुपात नाही."

मागून आलेली सुभद्राबाई दिवसभर दवाखान्याच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती. पाणीसुद्धा प्याली नव्हती. वर्षाराणी बाहेर आली तेव्हा ती भिंतीशीच बोलावं तसं बोलली.

"वर्षे, शिट्टी थांबली की मरतंय व्हय गं?"

वर्षाराणी तिच्या शेजारी जमिनीवर बसली.

"सत्यमची बी थांबलती. डाग दिला, लई रडला, मग अशीच थांबली. मी म्हनलं, गुन आला. मी देवापुढं दिवा लावाया गेलते." तिनं पदराचा बोळा तोंडात धरला. "डागाला उशीर न्हवता झाला. मी आजवर उगं म्हनत आले."

सोयरीक मोडली. तेलगावहून निरोप आला, मुलगी छान आहे, पण पोराचं शिक्षण अजून चालू आहे. गाडी देणाऱ्या गीताबाईनंच तो पाठवला. दीपाली म्हणाली, "बरं झालं. माझ्या लेकराला दम लागला असता तर तिथं बी कपाटच फोडावं लागलं असतं." शहादेवांनी शोकेसला नवी काच बसवली आणि सन्मानचिन्हं पुन्हा ओळीनं मांडली. हे वाचणाऱ्यांमध्येही असे शहादेव असतील. पेपर घडी करून ठेवतील, आणि सुनेला म्हणतील, पाव्हणे गेल्यावर बघू.

पण कापूस गोठ्याशेजारच्या खोलीत गेला. शेगडी परसात उलटी पडली. पंप माजघरात खुंटीला, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा.

थंडी सरायच्या सुमाराला एका सकाळी साखराबाई लगबगीनं परसामागून चालली होती. सुभद्राबाई संस्कृतीला न्हाऊ घालत होती.

"कुठं गं, साखरा?"

"बजरंगाच्या घरी. त्याच्या लेकराची छाती उडायलीय."

सुभद्राबाईनं ओली पोर वर्षाराणीच्या हातात दिली. पदराला हातही पुसले नाहीत. खुंटीवरचा पंप तिनं बघितला, पण घेतला नाही. तो संस्कृतीचा होता, दुसऱ्या लेकराला डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायचा नाही, हे तिला आता कळत होतं. "आभी, गाडी काढून बजरंगाच्या दारात आन," एवढं ओरडून ती अनवाणी निघाली, साखराबाईला मागं टाकून.

बजरंगाच्या घरात निखारे फुलले होते. त्याची बायको लेकराला छातीशी धरून कोपऱ्यात उभी होती, तिकडं तोंड करून. सुभद्राबाई उंबऱ्यात दोन्ही हात चौकटीला लावून उभी राहिली. दाभण मागं, लेकरू पुढं.

"हिला आत सोडायच्या आदी," ती म्हणाली, "माझ्या सत्यमचं ऐक."