आगबोटीवरची आरामखुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी आरामखुर्ची आहे. जुनी म्हटलं म्हणून लगेच हळहळू नका! अंगानं अस्सल सागवानी, बैठक वेताची, आणि हात असे लांब की त्यांवर पाय पसरावेत. मला घडवलं ते विलायतेला जाणाऱ्या आगबोटीसाठी. डेकवर माझ्यासाठी साहेब लोकांची भांडणं होत. पुढं बोट मोडीत निघाली, माझा लिलाव झाला आणि फिरत फिरत मी बंगळूरला, शेषगिरीअण्णांच्या घरी आले.

घर अण्णांचं, पण मी त्यांच्या बायकोची, गोदूबाईंची. त्यांना दम्याचा त्रास. आडवं पडलं की श्वास कोंडायचा. माझ्यावर रेलल्या की बघता बघता डोळा लागायचा. वेत सैल पडला की त्या स्वतः समोर उभं राहून तो नवा विणून घेत.

१९९६ साली अण्णांची भाची संध्या घरी आली. एका बंदरात, जिथं पूर्वी विलायतेच्या बोटी लागत, तिथल्या उतारूंच्या जुन्या इमारतीत सागरी संग्रहालय झालं होतं. ती तिथली प्रमुख. माझ्या पाठीवर कोरलेलं बोटीचं नाव वाचून ती ओरडलीच, "मामा, ही आम्हाला द्या ना!"

अण्णांनी जन्मात कुणाला नाही म्हटलेलं नाही. शेजाऱ्यानं शिडी मागितली, सरी, म्हणजे बरं, घेऊन जा. भाजीवाल्यानं किडकी वांगी गळ्यात मारली, तरी सरी. "सरी, सरी! आम्हीच आणून देतो," ते म्हणाले. घेवडा निवडणाऱ्या गोदूबाईंचा हात थांबला, पण पाहुणीसमोर त्या बोलल्या नाहीत.

अण्णांनी हौसेनं नवी गुबगुबीत खुर्ची आणली. गोदूबाईंना तिच्यात झोप येईना.

"स्वल्प दिवस जाऊ दे, सवय होईल," अण्णा म्हणाले.

"शब्द दिलाय नव्हे? मग झालं," त्या म्हणाल्या. डोळ्यांखाली काळं दिसू लागलं होतं.

शेवटी टेंपोत घालून मला बंदराला नेलं. दोघंही आले. काय सांगू मित्रांनो, काय ती इमारत! छत बघता बघता मान दुखावी. उतारूंचं सामान जिथं तपासत, त्या लांबलचक टेबलांवर आता होकायंत्रं आणि दुर्बिणी मांडलेल्या. दारात माणसाहून उंच नांगर. आणि काचेच्या पेटीत चक्क माझ्याच बोटीची घंटा! मला अगदी भरून आलं. मोठ्या खिडकीसमोर माझ्यासाठी चौथरा केला होता. पलीकडे धक्का, आणि त्यापलीकडे समुद्र.

गोदूबाई "अय्यो, केवढं हे!" म्हणत सगळीकडे फिरल्या. घंटेपाशी तर हात जोडून उभ्या राहिल्या. मग दमल्या आणि सवयीनं माझ्यावर टेकल्या. टेकल्या त्या झोपल्याच.

पहारेकरी 'बसू नये' अशी पाटी घेऊन आला आणि गोंधळून उभा राहिला. आसपास शाळेची मुलं कलकलाट करत होती, पण गोदूबाईंना पत्ता नव्हता. अण्णा कितीतरी वेळ त्यांच्याकडे बघत राहिले.

संध्या हळूच म्हणाली, "मामा, मामींना उठवू या? खुर्चीभोवती दोर बांधायचाय."

अण्णांचे कान लाल झाले होते.

"नको उठवू. संध्या, मी शब्द मोडतो बघ. ही खुर्ची मी देणार नाही."

पण म्हाताऱ्याची नजर खाली गेली नाही. संध्याचं तोंड एवढंसं झालं. मग तिनं हातातला दोर बाजूला ठेवला आणि मुलांना हळू बोलायला सांगितलं. माझा मान गेला, वाईट का वाटलं नाही? वाटलं की! पण गोदूबाईंचा श्वास असा संथ चालला होता, की मी जराही करकरले नाही.

मित्रांनो, संग्रहालयं जरूर बघा. तिथल्या वस्तू किती कष्टानं जपलेल्या असतात! पण घरातली जुनी वस्तू कुणाला देऊन टाकण्याआधी, ती ज्याच्या रोजच्या उपयोगाची आहे त्या माणसाला एकदा विचारा. गोदूबाईंना ते कुणी विचारलंच नव्हतं.