काकांच्या वाक्यातला सांधा

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. पडद्यावर काकांचा फोटो होता आणि दीड वर्षापूर्वी गेलेले काका चक्क बोलत होते, "अगं, गोळ्या आता बंद कर."

लोकांनी हात जोडले. काकूच्या डोळ्यांना धारा लागल्या. "आत्मा सात पडदे ओलांडून आलाय," मेलेल्यांना बोलतं करणारे बाबा व्यासपीठावरून म्हणाले. सात पडदे ओलांडणाऱ्या आत्म्याला स्पीकर मात्र लागत होता.

दुसऱ्या दिवसापासून काकूने रक्तदाबाच्या गोळ्या खरंच बंद केल्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, एकही चुकवायची नाही. मी तिची पुतणी. लग्नांचे व्हिडिओ कापून-जोडून पोट भरते, म्हणून मी बाबांच्या भक्तांनी सगळ्यांना पाठवलेला त्या सभेचा व्हिडिओ संगणकावर उघडला.

काकांच्या आवाजामागे वाजणारी बासरी बारीक केली आणि आवाजाची रेघ ताणून मोठी केली. 'गोळ्या'पर्यंत पंख्याची घरघर होती. पुढच्याच क्षणी पंखा गायब आणि पाण्याची मोटर सुरू.

"काकू, सभेआधी तुझा फोन कोणाकडे होता?"

"बाबांच्या माणसांकडे. चार दिवस. आवाजाची शुद्धी करायला."

मी तिच्या फोनवरचे काकांचे बोलून पाठवलेले जुने निरोप लावले. एकात, पंख्याच्या घरघरीत, "अगं, गोळ्या घेतल्यास का?" दुसऱ्यात, "मोटर चालूच आहे, आता बंद कर."

"पण आवाज ह्यांचाच आहे गं."

"आवाज त्यांचाच. वाक्य त्यांचं नाही."

काकूने दोन्ही निरोप स्वतःच्या हाताने पुन्हा लावले. मला तिची फार दया आली. नवरा तिला दुसऱ्यांदा गमवावा लागत होता.

पुढच्या सभेत ती भर गर्दीत उभी राहिली. "बाबा, हे मला घरात एका नावाने हाक मारायचे. तेवढी मारायला सांगा."

"माई, आत्म्याला नावाचं बंधन नसतं."

"नसू दे. मला आहे."

बाबांनी कोपऱ्यातल्या संगणकवाल्याकडे पाहिलं. तो गडबडला, त्याने दिसेल ते बटण दाबलं. "अगं, गोळ्या आता बंद कर," काका पुन्हा म्हणाले. मागे कोणीतरी हसलं, मग बरेच जण.

"समोर बसून मारलेली हाक फोनमध्ये कुठून सापडणार?" काकू म्हणाली. तिने पिशवीतून गोळी काढली आणि सगळ्यांदेखत घरून आणलेल्या पाण्याबरोबर गिळली.

हात जोडायला कोणाची ना नाही. त्याआधी एक प्रश्न तेवढा विचारावा, आणि उत्तर मिळेपर्यंत उभं राहावं.